डावा कौल

मी रिमोट बोलतोय, पण टीव्हीचा नाही. टीव्हीचा रिमोट हरवला की सगळं घर शोधायला उठतं. मी गेमचा रिमोट. दुकानात मला कंट्रोलर म्हणतात, या घरात तसं कोणी म्हणत नाही. काळा, दोन्ही हातांनी धरायचा, आणि दोन अंगठ्यांसाठी वर दोन बुटक्या दांड्या. उजवी दांडी अजून ठणठणीत आहे. डावीबद्दल मला काही कबूल करायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते मालाडचं घर आणि माझा पहिला मालक हर्षद. तो फुटबॉलचा गेम खेळायचा आणि हरला की मला सोफ्यावर फेकायचा. एकदा नेम चुकला आणि मी लादीवर आपटलो. वरून ओरखडाही नव्हता. पण आत, डाव्या दांडीच्या मुळाशी, काहीतरी सैल झालं.

पुढे हर्षदने नवा सेट घेतला आणि जुन्या सेटसकट मला ऑफिसमधल्या अक्षताला दिलं. देताना रुमालाने पुसलं आणि म्हणाला, "एकदम मक्खन चालतो." मी गप्प राहिलो. माझी पहिली चूक तीच, असं मला वाटतं. पण मी बोलणार तरी कसा? मला एकच भाषा येते, थरथरण्याची. तीही गेमने सांगितलं तरच.

अक्षता मला कांजूरमार्गला घेऊन आली. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. वारा कचऱ्याच्या डेपोकडून वाहायला लागला की सगळ्यांच्या खिडक्या एकदम बंद होतात. घरात तिचे वडील सहदेव, रिक्षा चालवणारे, आणि आई शेवंती.

शेवंतीबाईंचं नाव आसपासच्या चार इमारतींत होतं. साडीला फॉल लावावा तर त्यांनीच. खिडकीखाली त्यांचं पिकोचं मशीन होतं आणि त्यावर घड्या घातलेल्या साड्यांची चळत. पण मी आलो तेव्हा मशीनवर चादर होती. गेल्या शिमग्याच्या सुमारास त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. बोलणं वाचलं, चालणं हळूहळू आलं, डावा हात मात्र मागे राहिला. सुई उजव्या हातात असते हे खरं, पण कापड डाव्यानेच ताणून धरायचं असतं. ते निसटलं की फॉलला चुण्या पडतात.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक रबरी बॉल दिला होता. शेवंतीबाईंनी तो चार दिवस दाबला आणि शोकेसमध्ये ठेवून दिला.

"मी काय लहान पोर आहे, बॉल दाबत बसायला?"

एका रविवारी अक्षता खेळत होती. तिचा गेम हर्षदच्यासारखा नव्हता. त्यात एक छोटं यान घेऊन अनोळखी ग्रहांवर उतरायचं, खडकाळ, उजाड, कुठे लाल तर कुठे हिरव्या आभाळाखाली. खाली उतरून तिथल्या झाडांवर यंत्राचा झोत धरायचा. पडद्यावरचं गोल कडं भरेपर्यंत हात हलू द्यायचा नाही. कडं भरलं की त्या झाडाची माहिती येते आणि नाव आपण ठेवायचं.

शेवंतीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचं लक्ष मेथीवरून उडालं.

"अगो, ता काय शेवळासारखा दिसता!"

"आई, हा दुसरा ग्रह आहे. इथे शेवळं कुठली?"

"पावसाच्या तोंडावर गावी आमच्या मांगराच्या, गुरांच्या खोपीच्या मागे हीच रानभाजी उगवायची. बघू, दे जरा."

असा मी त्यांच्या हातात आलो. उजवा अंगठा पटकन बसला. डावा त्यांनी उजव्या हाताने उचलून माझ्या दांडीवर ठेवला. थंड होता. पहिल्या दिवशी यान तीनदा दरीत पडलं आणि प्रत्येक वेळी त्या खळखळून हसल्या.

मग ते रोजचंच झालं. दुपारची भांडी झाली की त्या मला घ्यायच्या. बॉल चार दिवसांत सोडणारी बाई माझ्यासोबत तास तास बसायची. झाडांना त्या गावची नावं द्यायच्या. केसाळ देठाचं ते जांभळं शेवळ झालं. एक झाड जवळ गेलं की फुग्यासारखं फुगायचं. त्याला नाव मिळालं सुंदराबाई.

"ही कोण गो?" सहदेवनी जेवता जेवता विचारलं.

"तुमची चुलती. रुसली की अशीच फुगायची ना?"

"मेली बिचारी, तिका सोड. आज खयच्या ग्रहावर होतंस?"

"तुमची रिक्षा जायची नाही तिथे."

घरात हसणं परत आलं होतं, आणि त्यात माझाही वाटा आहे असं समजून मी खूश होतो.

पण आत सैल झालेलं ते काहीतरी वाढत होतं. आधी केसभर, मग तांदळाच्या दाण्याएवढं. दांडीला कोणी हात लावला नाही तरी मी यानाला सांगायचो, डावीकडे. अंगठा उजवीकडे दाबत असला तरी मी मधेच म्हणायचो, डावीकडे. मी मुद्दाम करत नव्हतो. पण करत होतो, हेही खरं.

आता सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. शेवंतीबाईंचा अंगठा सुधारत होता. ते फक्त मला कळत होतं, कारण तो माझ्यावर होता. त्याला ऊब आली, मग जोर आला. पण जेवढा तो सुधारत होता तेवढाच मी बिघडत होतो. त्यामुळे पडद्यावर काहीच सुधारलेलं दिसत नव्हतं. यान जसं पहिल्या महिन्यात डावीकडे कलंडायचं, तसंच पाचव्या महिन्यातही.

अक्षताला दोन-दोन शिफ्ट पडू लागल्यापासून ती स्वतः खेळायची नाही. येता जाता बघायची.

"आई, लक्ष कुठे असतं तुझं? उजवीकडे दाब ना!"

"दाबतेय गं."

"कुठे दाबतेयस? डावीकडेच चाललंय."

शेवंतीबाई आपल्या हाताकडे बघत राहायच्या, चोरी पकडल्यासारख्या. चोर मी होतो.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरची उत्तरा आली. ती त्यांच्याकडेच फॉल-पिको शिकलेली. नवऱ्याची नोकरी गेली होती.

"मावशी, राग मानू नका. मशीन नुसतं पडून आहे. तुमचा हात येणार असेल तर नकोच. नसेल येणार, तर मला द्याल?"

"मंगळवारी सांगते," शेवंतीबाई म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. त्यांनी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि मला घेऊन टीव्हीसमोर बसल्या. मला वाटलं, नेहमीसारखंच. पण त्यांनी आधी मला कपाळाला लावलं.

त्यांच्या गावी मोठी गोष्ट ठरवायची असली की देवाला कौल लावतात. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, जमलेले 'होय म्हाराजा' म्हणतात आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. कांजूरमार्गला गुरव कुठला?

पडद्यावर लाल दगडांचा एक ग्रह होता. मधोमध एक उंच काळा खडक उभा, देवळातल्या पाषाणासारखा. त्याच्या उजवीकडे सपाटी, डावीकडे उतार. शेवंतीबाईंनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, उजवीकडे उतारलंय तर माझो हात येतलो, मशीन ठेवतंय. डावीकडे उतारलंय तर उत्तराक देतंय. काय ता खरा सांग." आणि उत्तर देणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून स्वतःच हळू म्हणाल्या, "होय म्हाराजा."

यान खाली येऊ लागलं. त्यांचा डावा अंगठा माझ्यावर आला. आता त्याला उजव्या हाताने उचलून ठेवावं लागत नव्हतं. त्यांनी तो उजवीकडे दाबला. असा जोर मी त्या हातात कधी पाहिला नव्हता. बरा झालेला अंगठा होता तो, मी शपथेवर सांगतो.

आणि मी यानाला सांगितलं, डावीकडे.

यान खडकाला घासलं, कलंडलं, उतारावरून घसरत खाली गेलं. गेमने मला थरथरायला सांगितलं आणि मी थरथरलो. त्यांना वाटलं, हातच थरथरतोय. त्यांनी मला खाली ठेवून हात पदराखाली घेतला. पुन्हा एकदा करून बघा, असं मला ओरडायचं होतं. पण कौल एकदाच लावायचा, हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलेलं.

संध्याकाळी उत्तरा आणि तिचा नवरा मशीन घेऊन गेले. अक्षता आली तेव्हा खिडकीखाली चार पायांचे चार ठसे उरले होते.

"आई! मला विचारायचंस तरी!"

"विचारलं होतं. ज्याला विचारायचं त्याला."

त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही. ना मला, ना बॉलला. मी शोकेसच्या खालच्या खणात सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी पडलो. डबाही उघडला जात नव्हता. पाच महिने मी लाकडातून कान देऊन ऐकत होतो. हातातून पेला निसटला की त्या म्हणायच्या, "जाऊ दे, तो हात आता असाच."

परवाच्या रविवारी अक्षताचा ऑफिसमधला मित्र मिथुन जेवायला आला. ताटं वाढेपर्यंत त्याने खण उघडून मला काढलं, यान सुरू केलं आणि पापड घ्यायला मला टेबलावर ठेवलं. पडद्याकडे बघून तो थांबला.

"अक्षता, हे यान बघ. भूत लागल्यासारखं एकटंच डावीकडे चाललंय!"

"नीट धर ना."

"अगं, धरलाय कोणी? हात बघ माझे, पापड आहे." आणि तो हसत सुटला. "दांडी गेलीय रिमोटची. ड्रिफ्ट म्हणतात. वाट लागलीय पार, खूप दिवसांची असणार."

स्वयंपाकघरातून शेवंतीबाई बाहेर आल्या. हातात डाव तसाच.

"कोणीच हात लावला नाही?"

"नाही काकू. बघा ना."

यान आपलं आपण डावीकडे सरकत होतं. त्या बघता बघता खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे मी उजवीकडेच दाबलं होतं."

मग त्यांनी कौलाची गोष्ट सांगितली. अक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि मी तुलाच बोलत होते," असं म्हणत तिने डोळे पुसले. मग ती ताडकन उठली. "उत्तराताईकडून मशीन परत आणते. आत्ता."

"बस खाली. तिचं घर चाललंय त्यावर. दिलेली वस्तू परत मागतात का?"

"मग हा तरी भंगारात जाऊ दे!" तिने मला उचललं. मला ते योग्यच वाटलं. मी तयार होतो.

"थांब." शेवंतीबाईंनी मला तिच्या हातातून घेतलं, डाव्या हाताने. बोटं पुन्हा आखडली होती, थंड झाली होती. पाच महिन्यांत माझ्यामुळे किती मागे गेली ती, हे मला एका स्पर्शात कळलं. त्यांनी माझी सैल दांडी अंगठ्याने जरा हलवून पाहिली.

"याची पण डावी बाजूच गेलीय गं. टाकतेस कशाला?"

त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

काल त्यांनी सुईदोऱ्याचा डबा उघडला. फॉल हातानेही लावता येतो, फक्त वेळ लागतो. अक्षताची एक सुती साडी जमिनीवर पसरली. डावा हात कापड धरेना, साडी सारखी सरकत होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मला उचलून साडीच्या डाव्या टोकावर ठेवलं.

मी आता तिथेच आहे. काल टाके वाकडे आले, त्यांनी उसवले. आज चार बोटं फॉल सरळ लागलाय. मधेमधे डावा हात माझ्याशेजारी येऊन कापड धरून बघतो, थकतो, परत मांडीवर जातो.

तुमच्या घरात कोणी हळूहळू काही शिकत असेल आणि जमत नसेल, तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याच्या हातात तुम्ही काय दिलंय ते एकदा टेबलावर ठेवून बघा. माझ्या बाबतीत ते पाच महिने उशिरा झालं. झालेलं मला भरून देता येणार नाही. मला एवढंच जमतं, माझ्याखालचं कापड सरकू द्यायचं नाही.

हात परत येतोय. तो मला जरा बाजूला ढकलतो, मी त्याला जागा करून देतो.