धोबी अजून आला नाही

"आला का धोबी?"

"नाई आला."

"कसा नाई आला? सकाळची थंडी पडून रायली. तू नीट पायते का नाई वावरात?"

"मंग काय आता हाताले धरून आणू त्याले?"

दसरा झाल्यापासून आमच्या शेजारी दत्तूभाऊच्या घरात रोज सकाळी नवराबायकोचं हेच भांडण. धोबी म्हणजे कपडे धुणारा नव्हे. काळापांढरा, चिमणीएवढा पक्षी, दगडावर कपडे आपटावेत तशी शेपटी आपटत चालणारा. पावसाळा सरला की थंडीबरोबर दूर उत्तरेकडून येतो. आणि दत्तूभाऊच्या घरचा रिवाज असा, की धोबी दिसल्याशिवाय हरभरा पेरायचा नाही. त्यांचे आजोबा वर्ध्याकडून भोपाळला आले तेव्हा निम्मी भांडी वाटेत हरवली म्हणे, पण रिवाज तेवढा सुखरूप पोचला.

उन्हाळ्यात दत्तूभाऊ बांधावरून पडला, खुबा मोडला, त्यात काळजाचंही दुखणं निघालं. तेव्हापासून अंगणातली खाट आणि तो. उशाला हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी. डॉक्टरांनी बजावलं होतं, याला धक्का बसेल असं काही सांगू नका. आणि नेमकं तसंच काही घडून बसलं होतं. वावर त्याचं स्वतःचं नव्हतं, बटाईनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर केलेलं. तो खाटेवर म्हणून यंदाचं खरीप पडीक गेलं, एवढंच त्याला ठाऊक. अयोध्या नगर वस्तीकडून सरकत सरकत भोपाळ शहर आमच्या शिवेला भिडलं आणि भर पावसाळ्यात मालकानं ते वावर कॉलनीवाल्याला विकून टाकलं. लोण्यासारख्या काळ्या मातीवर लाल मुरूम पडला. मला राग येतो, पण काढायचा कोणावर? जमीन मालकाची, विकणं त्याच्या हक्काचं.

रत्नावहिनी रोज डबा घेऊन "वावरात जातो" म्हणून निघायच्या. जायच्याही तिथंच, पण मुरमाच्या टोपल्या उचलायला. घर चालायला हवं ना. परतताना आधी माझ्या नळावर लाल झालेले पाय घासून घासून धुवायच्या, मग घरात शिरायच्या.

"धोबी आला नाई म्हणतो तोवर बरं हाये, बाळकृष्णभाऊ," त्या मला म्हणायच्या. "आला म्हणलं का हे म्हणतीन, चाल, मले खाटेसकट ने, पेरा करू."

मी त्यांच्यासाठी नळ सोडून द्यायचो. दुसरं काय करणार?

परवा दुपारी करोंदच्या मंडीसाठी कोथिंबिरीच्या जुड्या धूत बसलो होतो. वहिनी समोरून धावत गेल्या. नळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आला वो भाऊ! तिकडं मुरमावर फिरून रायला होता, आता घराकडंच उडाला!"

मी ओल्या हातांनीच त्यांच्यामागं निघालो.

धोबी आमच्याआधी पोचला होता. खाटेसमोर तुरुतुरु चालत होता, शेपटी आपटत होता. दत्तूभाऊ कोपरावर रेलून त्याच्याकडे एकटक पाहत होता.

वहिनी फाटकातच थांबल्या. त्यांना धाप लागली होती.

"चिमणी हाये वो ते," त्या म्हणाल्या.

आयुष्यभर धोबी पाहून पेरणी केलेल्या माणसाला ही बाई चिमणी सांगत होती. मला वाटलं, आपण इथं यायलाच नको होतं.

दत्तूभाऊनं पक्ष्यावरची नजर काढली आणि वहिनींच्या पायांवर नेली. घोट्यापर्यंत लाल. काळ्या वावरातून आलेले पाय असे नसतात.

"हो, चिमणीच हाये," तो म्हणाला. "धोबी काई अजून आला नाई."

मग उशाची पिशवी ओढून त्यानं वहिनींकडे सरकवली.

"याची दाळ भरडून घे. अन् आधी पाय धू, रतन. मुरूम लय टोचते."