जवळात जवळची जागा

हारुननं लँडरोव्हरच्या बॉनेटवर चढून बाभळीच्या बेचक्यात हात घातला आणि तिथं अडकलेलं सगळं ओढून काढलं. वाळलेलं गवत. बकरीच्या दाव्याचा तुकडा. एक चप्पल. ते त्यानं खोपीच्या दारात फेकलं.

"बघ. पाणी कुठवर चढतं ते बघ."

साजिदानं, त्याच्या धाकट्या बहिणीनं, मान वर केली. बेचकं खोपीच्या छपराच्याही वर होतं.

"पुरुषाची आहे," हव्वाबी चप्पल उलटीसुलटी करत म्हणाली. ती साजिदाच्या नवऱ्याची फुफी, आत्या. "दुसरी सापडली तर टाक रे खाली. माझ्या दोन्ही फाटल्यात."

"फुफी, मी मस्करी करत नाहीये."

"मग मी कुठं करतेय?"

उन्हाळाभर या कोरड्या पात्रात वस्ती असते. समुद्रकाठची अरब माणसं गरमी टाळायला डोंगरातल्या या वादीत, नदीच्या दरीत, येतात, खजुरीच्या बागेलगत झावळ्यांच्या खोप्या उभारतात, खजूर उतरला की परत जातात. साजिदाचा नवरा हमीदही दरसाल गिऱ्हाइकांच्या मागोमाग यायचा, कापड, सुया, वेलची, लोबान दोन पत्र्याच्या ट्रंकांत भरून. यंदा त्यानं बायकोला आणि फुफीला सोबत आणलं. ऐन खजुरीच्या दिवसांत त्याला ताप भरला आणि त्यातून तो उठला नाही. बागेपलीकडच्या उतारावर त्याची कबर आहे.

नवरा गेला त्या घरात बाईनं इद्दत पुरी करायची. चार महिने दहा दिवस. दिवसा गरजेपुरतं बाहेर पडावं, रात्र मात्र त्याच छपराखाली. साजिदाचं छप्पर झावळ्यांचं होतं आणि नदीत उभं होतं.

बाकीच्या खोप्या मोडून माणसं गेली. आता थंडी. थंडीत पाऊस. डोंगरावर पाऊस पडला की इथं, ढग नसतानाही, पाणी.

हारुन दुबईत एका इंग्रज कंपनीच्या स्टोअरमध्ये होता. त्यानं काझीसाहेबांना विचारलं. त्याची अपेक्षा होती, ते म्हणतील, घेऊन ये तिला घरी. ते म्हणाले, जिवाला धोका असेल तर जरूर हलव, पण जवळात जवळची सुरक्षित जागा बघ. त्या वादीत उंचवटा नाही का कुठं? हारुनला खोटं बोलता आलं नाही. आहे, तो म्हणाला. आणि कंपनीचा एक जुना तंबू गाडीच्या टपावर बांधून आला.

पण वाटेत, धक्के खात, त्याला सुचलं. जवळपास एकही जागा नीट नसेल तर? तर जवळात जवळची जागा म्हणजे दुबईच. त्याचं घर. तिथून, दिवस पुरे झाले की मुंबईची बोट. पुढं दाभोळ. तिथं हमीदचे थोरले भाऊ लियाकत, बायको मागेच वारलेली, साजिदाशी निकाह करायला तयार होते. तिच्यासाठी मागच्या अंगाची खोली रिकामी केली होती. हारुननं त्यांना होकार कळवला होता.

साजिदाला विचारलं नव्हतं. तिला हव्वाबीकडून कळलं होतं. तेव्हापासून ती रात्री झोपायची नाही. खोपीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची. हव्वाबी म्हणायची, बस गं, खोपी पडेल.

"यल्ला," हारुन म्हणाला. "जागा बघू."

गाफच्या झाडाखाली

सावली दाट. पाणी हाकेवर. जमीन सपाट, वाळू मऊ.

हारुन भोवती फिरला. बुंध्याशी वाकला. उठला, परत वाकला.

"मुंग्या."

"कुठं?" साजिदा म्हणाली.

"ही बघ ओळ. काळ्या. रात्री अंगावर चढतील."

"चढल्या तर झटकू," हव्वाबी म्हणाली.

"फुफी, एकदा चावल्या की कळेल. नाही, खलास. पुढं चला."

पडक्या बुरुजाशी

तो आत वाकून बघायलाही तयार नव्हता. दगडांत साप असतात. नसतील तर विंचू असतात.

"ते पण नसतील तर?" हव्वाबीनं विचारलं.

"तर जिन्न असतील."

"ते बरं. रात्रभर बोलायला कुणीतरी."

साजिदा हसली. नवरा गेल्यापासून हारुननं तिला हसताना पाहिलं नव्हतं. तो चालायला लागला, इतक्या घाईनं की दोघी मागं राहिल्या, मग थांबला, मग परत आला.

कण्हेरींच्या पलीकडे

लांब.

वाटेच्या वर, बोरांच्या मध्ये

इथं नाव ठेवायला जागाच नव्हती. बोरांची जुनी झाडं, मध्ये अंगणाएवढी मोकळी जागा, पात्रापासून चांगली उंच. हारुननं दोनदा फेरी मारली. एक बोर तोडून खाल्लं. बी थुंकली.

"गाढवं घेऊन लोक इथून जातात," शेवटी तो म्हणाला. "परके पुरुष. येताजाता."

खालून कुणीही जात नव्हतं. एक बकरी उभी होती, ती त्याच्याकडे बघत होती.

"हारुन," हव्वाबी झाडाला टेकून खाली बसत म्हणाली, "तुझ्या निकाहाला मुली दाखवत होतो तेव्हा असाच करायचास. एक बुटकी, एक काळी, एकीचा बाप मोठ्यानं बोलतो. शेवटी खैरुन्निसा मिळाली. ती तुला काय काय म्हणते, सांगू?"

"फुफी."

"नाही सांगत."

दगडांच्या सपाटीवर

बागेच्या बरोब्बर वर, चढून गेलं की एक उघडी सपाटी होती. नुसते गोटे. झाड नाही. वारा असा की साजिदाची पांढरी ओढणी तिच्या तोंडावर येऊन बसायची आणि ती हातानं बाजूला करायची. खाली बाग, बागेच्या टोकाला राखणदार अहमदचं मातीचं घर, दारात त्याची बायको काहीतरी निवडत बसलेली. पलीकडच्या उतारावर कबरी.

हारुन बोटांवर मोजायला लागला. सावली नाही. पाणी खालून आणावं लागेल. मेख ठोकायची तर दगड. वाऱ्यात तंबू टिकायचा नाही. दोन बायका, एकट्या.

साजिदा एका गोट्यावर बसली.

"इथं," ती म्हणाली.

"मी काय सांगतोय?"

"ऐकलं. अहमदच्या बायकोला इथून हाक ऐकू जाते. पाणी इथवर येत नाही. आणि खोपीपासून हीच सगळ्यात जवळ."

"साजी." तो तिच्यासमोर उकिडवा बसला, लगेच उठला. "दुबईला चल. काझीसाहेबांना मी सांगतो, जागाच नव्हती. खैरुन्निसानं खोली झाडून ठेवलीय. थोडे दिवस, मग इन्शाल्ला घरी. आपल्या मुलखात. लियाकतभाई वाईट माणूस नाही."

"मी कुठं म्हटलं वाईट आहेत?"

"मग?"

"त्यांच्या मागच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

हारुननं पायानं एक गोटा सरकवला.

"ओटीकडे की विहिरीकडे? का खिडकी नाहीच?"

"मला काय ठाऊक. असेल कुठंतरी."

"तू बघितली नाहीस."

"मी इथं, ती तिथं. कशी बघणार?"

"माझ्या थोड्या दिवसांसाठी तू इथं मुंग्या बघितल्यास, भाई."

ती हे चिडून म्हणाली नाही. खाली बागेकडे बघत म्हणाली.

हारुन सपाटीच्या कडेपर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला. मग उतरून गाडीपाशी गेला आणि टपावरच्या दोऱ्या सोडायला लागला. गाठी त्यानंच आवळून मारल्या होत्या. सुटेनात. त्यानं दातांनी सोडवल्या.

जुम्याचे दिवस

दर जुम्याला, शुक्रवारच्या सुट्टीला, तो यायचा. तांदूळ, डाळ, रॉकेल, सुकी मासळी.

एका जुम्याला खोपी जागेवर नव्हती. पाणी आलं होतं, उन्हात, भरदुपारी. हव्वाबी म्हणाली, आधी आवाज आला, मोटारी येतात तसा, मला वाटलं तूच आलास. पात्रात आता लाल चिखल होता आणि गाफच्या बुंध्याभोवती गवताचे पुंजके गुंडाळले होते. हारुननं ते वरून पाहिलं. तंबूच्या मेखा एकेक करून ओढून बघितल्या.

एका जुम्याला तंबूबाहेर बायकांच्या चपला. आत हसणं, अरबी बोलणं. तो पुरुष, आत कसा जाणार? गाडीत बसला. उतरला. गाडीभोवती फिरला. पुन्हा बसला. सुरुवातीला अहमदची बायको मातमीला येऊन बसायची, मग तिनं बहिणींना आणलं, बहिणींनी जावांना. उन्हाळ्यात हमीदच्या दुकानाभोवती पुरुषांची गर्दी असायची, या बायका कधी पुढं आल्या नव्हत्या. पोराला पाठवायच्या, पोरगा भलताच रंग घेऊन जायचा. आता ट्रंका तंबूत होत्या आणि तंबूत फक्त बायका.

पुढच्या जुम्याला साजिदा म्हणाली, "हिरवं कापड आण. पातळ. मागचं फार जाड होतं."

"कुणाला?"

"आणि बारीक सुया. जाड पडून राहिल्यात."

तो आणत गेला. दुबईत तेव्हा नुकतंच तेल सापडलं होतं, बाजारात सगळे त्याचंच बोलायचे, हारुन हिरवं कापड बोटांत चुरगळून बघत उभा असायचा. खैरुन्निसानं विचारलं, तुम्हाला हे कधीपासून कळायला लागलं? तो म्हणाला, कुठं कळतंय.

रात्री ती आता चालत नाही, असं हव्वाबीनं त्याला सांगितलं. दिवसा चालते. गरजेपुरतं. गरज जरा लांबची निघते, एवढंच.

आणि मग

इद्दत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हारुन आला. खिशात बोटीची दोन तिकिटं. खैरुन्निसानं साजिदासाठी जांभळा सलवार-कमीज दिला होता, तो सीटवर घडी घालून.

सपाटीवर तंबू नव्हता.

मेखांची भोकं होती. चुलीचे तीन दगड, राख. राखेवर पाणी ओतलेलं. हारुननं हाक मारली. मग कडेला धावत जाऊन खाली पात्रात बघितलं. पात्र कोरडं होतं. तरी तो तसाच, चपला हातात घेऊन, उतारावरून खाली घसरत आला. अहमद बागेत पाट मोकळा करत होता. त्यानं फावडं न सोडता हनुवटीनं वर, डोंगराकडे दाखवलं.

गाडी मोठ्या दगडांपर्यंत गेली. पुढं पायी. पाण्याची डबकी, कण्हेरी, दोन्हीकडून जवळ येणारे कडे. मग वळणानंतर वादी एकदम उघडली. वरच्या अंगाला दगडी घरांचा गाव, गावाखाली उतारावर शेताएवढी रुंद, सपाट पायरी, तिच्यावर दोन गाढवं. एका ट्रंकेवर हव्वाबी बसली होती. दुसऱ्या ट्रंकेवर तंबू.

साजिदा कमरेवर हात ठेवून उभी होती. अंगावर रंगीत ओढणी. तिनं दोन पावलं मागं घेतली, सूर्याकडे बघितलं, पुन्हा दोन पावलं पुढं आली.

"बोट बुधवारी आहे," हारुन धापा टाकत म्हणाला.

"ठाऊक आहे."

"तिकिटं काढलीत. लियाकतभाई मुंबईला येणार. बंदरावर."

"येऊ दे," हव्वाबी म्हणाली. "बंदरावर वारा छान असतो."

"फुफी, तुम्ही तरी."

"मी काय? मला गाढवावर बसवून आणलंय. या वयात. चार जणी बाजूनं चालत होत्या. माझ्या लग्नात एवढी माणसं नव्हती."

हारुननं साजिदाकडे बघितलं. त्याला पुष्कळ विचारायचं होतं, आणि ते सगळं एकदम तोंडाशी आल्यामुळे त्यातलं सगळ्यात छोटं बाहेर पडलं.

"मी त्यांना काय सांगू?"

"सांग, कापड संपत आलंय, पुढच्या जुम्याला यायचंय तुला." तिनं लाकडी खांब उचलून त्याच्या हातात दिला. "हा धर. उभा. मी बघते."

ती लांब गेली. तो खांब धरून उभा राहिला.

"डावीकडे."

तो सरकला.

"तुझ्या नाही, माझ्या."

तो उजवीकडे सरकला. दोन्ही हात खांबाला. खिशातली तिकिटं मांडीला टोचत होती. साजिदानं दोऱ्या ताणल्या, दगडानं मेखा ठोकल्या, एक वाकडी गेली ती उपटून पुन्हा ठोकली. कापड वर चढलं, वाऱ्यानं फुगलं, शांत झालं.

हारुननं हात सोडले तेव्हा त्याला दिसलं, गावाच्या पायऱ्यांवर बायका उभ्या होत्या. पाच-सहा. काळ्या ओढण्यांत, एकमेकींना चिकटून. खाली येत नव्हत्या.

"या का थांबल्यात?"

"तू आहेस म्हणून," साजिदा म्हणाली.

तो गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला. पुढं गाव. मागं कडा.

"मग मी कुठं जाऊ?"

तिनं हातानं वादीच्या खालच्या अंगाला दाखवलं. "त्या वळणापलीकडे. डाव्या हाताला एक सपाट दगड आहे, दुपारपर्यंत सावली असते तिथं. बस. जेवायला हाक मारते."

हारुन निघाला. मागून बायका पायऱ्या उतरत असल्याचा आवाज आला, मग ट्रंकेचं झाकण उघडल्याचा. वळणापलीकडे, डाव्या हाताला, दगड होता. गाफच्या बुंध्याशी वाकला होता तसा तो मुंग्या बघायला वाकला नाही. बसला.