भट्टी कितीही उंच केली तरी

इंग्लंडातल्या मिडल्सबरोमध्ये पॅलिस्टरसाहेबांच्या लोखंडाच्या भट्टीएवढी उंच भट्टी दुसरी नव्हती, आणि तरी साहेबांना ती ठेंगणीच वाटे. कोळशापासून निघालेला विषारी वायू खनिजातला प्राणवायू ओढून घेतो, तेव्हा कुठे लोखंड सुटतं. पण त्यातला बराचसा वायू काही न करताच वरून निघून जाई. त्याला वाट लांब दिली की तो सगळा कामी येईल, असं साहेबांच्या डोक्यात बसलं होतं.

दोनदा भट्टी वाढवली. दुसऱ्या खेपेला वरच्या तोंडाशी वायू लागून एमॉस नावाचा गवंडी कोसळला आणि गेला. भट्टीचा व्यवस्थापक इनॉक रेन याचा तो मेहुणा. बायकोची, हेस्टरची, समजूत घालताना इनॉक म्हणाला होता की तुझ्या भावाचं काम वाया जाणार नाही.

वायू मात्र होता तेवढाच वाया जात राहिला. इनॉकला चैन पडेना. त्यानं एका नळीत खनिज आणि विषारी वायू कोंडून तापवत ठेवला. थोडं लोखंड झालं आणि गाडी अडली. कितीही वेळ गेला तरी वायू उरायचाच. मग त्यानं उलटं करून पाहिलं. तयार लोखंड घेतलं, आणि प्राणवायू ओढून काम करून झालेला, जळका वायू. तेवढ्याच आचेवर लोखंड गंजू लागलं, पण तेही मध्येच अडलं. दोन्ही नळ्यांत दोन्ही वायूंचं प्रमाण एकच निघालं. आत थांबलेलं काहीच नव्हतं. जेवढं लोखंड सुटत होतं, तेवढंच परत गंजत होतं. तिथून पुढे जायला वाटच नव्हती, मग भट्टी आभाळाला का टेकेना.

हे त्यानं साहेबांना सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, आणि भट्टी तिसऱ्यांदा वाढवायला परांच्या बांधून झाल्यात, आता काम थांबणार नाही, एवढंच म्हणाले. वर हेही सुनावलं की राहतोस ते घर कारखान्याचं आहे आणि माझ्या चिठ्ठीवाचून तुला या गावात कोणी उभं करणार नाही.

इनॉक घरी आला. हेस्टरनं जेवण वाढलं, त्यानं हात लावला नाही. तिनं विचारलं तेव्हा त्याला सगळं सांगावं लागलं.

"म्हणजे एमॉस उगाच गेला," ती म्हणाली.

"हो."

तिनं त्याचं ताट बाजूला सारलं. "उद्या वर कोण चढणार?"

सकाळी इनॉक शिडीपाशी उभा राहिला आणि आलेल्या गवंड्यांना एकेक करून माघारी धाडलं. दुपारपर्यंत त्याच्या जागी दुसरा माणूस आला. गवंडी पोटासाठी परत आले. त्याच्याकडे न बघता वर चढले.

आठवड्याच्या आत रेन नवराबायकोनं घर सोडलं. नदीपलीकडे भाड्याची एक खोली मिळाली. काम मिळालं नाही. खिडकीतून भट्टी दिसायची, रोज थोडी थोडी उंच होत जाणारी. हेस्टरनं तिथे जाड कापड लावलं, पण त्यानं खोलीत अंधार होई, म्हणून पुन्हा काढावं लागलं.