मधुहर अप्पांचं पान

देवनहळ्ळीच्या त्या मांडवात उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर मधुहर अप्पा रेशमी उपरणं सावरत ओरडत होते, "पान चावा! आता गूळ खा! सांगा, कसा लागतो?"

"मातीसारखा!" माणसं गहिवरून ओरडली.

"जिभेनं साखर सोडली, आता रक्तही सोडणार! उगादीची होळिगे खा, ईदेचा शीरखुर्मा खा, रामनवमीचं पानक प्या, ईस्टरचा केक खा! देव सगळ्यांचे, मधुमेह कुणाचाच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वधर्मसमभावाचा इतका चविष्ट अर्थ मी पहिल्यांदाच ऐकत होते.

माझी धाकटी बहीण चंदना मात्र रडत होती. तिच्या मांडीशी नऊ वर्षांची भव्या. पोरीला लहानपणीच मधुमेह जडलेला, रोज इन्सुलिनची इंजेक्शनं. आमच्या येलहंक्याच्या गल्लीत प्रत्येक सणाला घरोघरची ताटं फिरतात आणि भव्याच्या वाट्याला मोजून एक घास येतो. चंदनाला ते बघवत नसे. आज तिनं लेकीला अख्खी होळिगे, म्हणजे पुरणपोळी, भरवली.

"गोडच लागत नाही गं मावशी," भव्या हिरमुसून म्हणाली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पान ओळखलं आणि चंदनाला बाजूला घेतलं. "अगं, ही मधुनाशिनी. हिलाच गुडमार म्हणतात. तासभर जिभेला गोड कळत नाही, एवढंच. साखर पोटात जायची ती जातेच. इंजेक्शन थांबवू नकोस."

"अक्का, स्वल्प विश्वास ठेव की." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "सरी, बरं, देते इंजेक्शन."

तिनं ते दिलं नाही. यंत्रावर साखर तपासणं म्हणजे गुरूवर अविश्वास, असं अप्पांनी बजावलं होतं. ईदेला भव्यानं वाट्या भरभरून शीरखुर्मा खाल्ला. मग तहान थांबेना, ओकाऱ्या थांबेनात. अप्पांचा शिष्य फोनवर म्हणाला, "विष बाहेर पडतंय, घाबरू नका." शेवटी शेजारच्या सोनमनं पोरीला उचलून रिक्षात घातलं आणि मला फोन केला. तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले.

रामनवमीला गल्लीत पानक वाटत होते, तेव्हा आम्ही भव्याला घेऊन स्मशानात निघालो होतो.

ईस्टरला अप्पांचा मांडव पुन्हा भरला. केक मांडलेले होते. चंदनाला घेऊन मी थेट व्यासपीठावर गेले, पान चावलं, गूळ खाल्ला. "मातीसारखा!" मी माइकवर सांगितलं. टाळ्या पडल्या. मग चिमूटभर मीठ तोंडात टाकलं. "हे खारटच लागतंय. अप्पा, तुमची कृपा मिठावर का चालत नाही?"

"मिठाचा... मिठाचा विधी वेगळा," अप्पा पुटपुटले. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"रक्तातली साखर कोण तपासून घेतं?" मी विचारलं. समोर बसलेल्या, नुकताच केक खाल्लेल्या गंगव्वा अज्जीनं बोट पुढे केलं. चंदनानं भव्याचं यंत्र काढून सुई टोचली. मी माइकवर वाचलेला आकडा ऐकून पुढच्या रांगेतली एक नर्स उठलीच, "अज्जी, आधी दवाखान्यात चला!"

"बाकीचे तासभर बसा आणि पुन्हा गूळ खाऊन बघा," मी म्हटलं. लोक बसले. तासानं गूळ सगळ्यांना गोड लागला. मागच्या दारानं सटकणाऱ्या अप्पांची गाडी लोकांनी पोलीस येईपर्यंत अडवून धरली.

तेव्हा चंदनानं माइक हातात घेतला. "माझ्या भव्यानं उगादीलाच सांगितलं होतं. 'अम्मा, दुपारी डब्यातली होळिगे खाल्ली, ती गोड लागली. पानाचा गुण उतरला.' मी तिला गप्प केलं. म्हटलं, तुझी भक्ती कमी पडली." हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

सण करा. एकमेकांकडे ताटं पाठवा, जेवायला जा. पण औषध सोडा, तपासू नका, असं कुणी सांगितलं की तिथून उठा आणि डॉक्टरकडे जा. आणि मूल शंका विचारत असेल, तर हातातलं काम टाकून ऐका. आमची भव्या शंका विचारत होती. तिला जगायचं होतं.