पंच्याण्णव टक्के हजेरी

आई शुक्रवारी गेली आणि फादरनी अंत्यविधीसाठी मंगळवारी सकाळी दहाची वेळ दिली. कोरिन हॅवलिकने ती लगेच मान्य केली. वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्यात अकरा वर्षं काढली की माणूस कुणीही दिलेली वेळ लगेच मान्य करतो.

रविवारी मुख्याध्यापक सोविन्स्की आले. हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं, चेहरा पडलेला. ओहायोतल्या या गावात आईने एकतीस वर्षं तिसरीला शिकवलं होतं. तिसरीच्या एक्केचाळीस मुलांना बाईंना निरोप द्यायला चर्चमध्ये यायचं होतं. पण बर्फामुळे वाचनाची सरकारी परीक्षा पुढे ढकललेली, आणि ती घेण्याची शेवटची तारीख मंगळवार.

"दोन मुलं गैरहजर चालतात," सोविन्स्की म्हणाले. "तिसरं राहिलं की शाळा नापास. सलग तिसऱ्या वर्षी. तुला मी काय सांगायचं? नियम तुमच्या खात्याचा."

कायदा संसदेचा होता, पण तो शाळांना समजावून सांगणारं पत्र कोरिनने लिहिलं होतं. शंभरातल्या पंच्याण्णवांनी परीक्षेला बसलंच पाहिजे, नाहीतर शाळा कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी ठेवतील. हा परिच्छेद लिहून झाल्यावर तिला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं होतं की तिने तो आईला फोनवर वाचून दाखवला होता. छान आहे, आई म्हणाली होती, फक्त यात मुलं कुठे दिसत नाहीत.

सोमवारी कोरिनने आपल्याच कार्यालयात फोन लावला. नव्याने रुजू झालेल्या डेनिस नावाच्या मुलीने आधी सांत्वन केलं, मग पत्र काढून वाचलं. सूट फक्त गंभीर आजारी विद्यार्थ्याला. दुःख हा आजार नाही.

"पळवाटच ठेवलेली नाही," डेनिस कौतुकाने म्हणाली. "कुणी लिहिलंय हो हे?"

कोरिनने माहीत नाही म्हणून सांगितलं. मग तिने फादरना फोन केला आणि अंत्यविधी बुधवारवर नेला.

चर्चच्या तळघरात जेवणासाठी हॅम कापत असलेल्या एर्मा मावशीला हे कळलं. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"मेलेल्या बाईला एक दिवस थांबवलंस," मावशी म्हणाली. "थांबेल बिचारी. तुझ्या फोनची वाट बघायची सवय आहे तिला."

बुधवारी मुलं आली. कोरिनने ती सवयीने मोजली, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस, आणि मग मोजल्याची लाज वाटून मान खाली घातली. मान वर केली तेव्हा मरिसोल नावाची एक मुलगी बाकाशी उभी होती.

"बाईंची पेपर काढणारी लेक तुम्हीच का?"

"कोण म्हणालं?"

"बाई. त्या म्हणायच्या, पेपर अवघड आला तरी माझ्या लेकीला नावं ठेवायची नाहीत. ती वाईट नाही, लांब राहते एवढंच."

पेपर राज्य सरकार काढतं, वॉशिंग्टन नव्हे, आणि आपण तर केवळ पत्र लिहितो, असा खुलासा कोरिनच्या जिभेवर आला होता. तीन मुद्द्यांत, क्रमाने.

"हो, मीच," ती म्हणाली, आणि बाकावर सरकून तिने मुलीला जागा करून दिली.