चष्म्यातली पिशवी

मंजुळाबाई पाटोद्याहून पहिल्या एसटीनं निघाल्या त्या थेट लेकीच्या, करिष्माच्या, मेडिकल कॉलेजात. काम एकच. सून बबिता चोवीस वर्षांची, दोन लेकरांची आई, दर महिन्याला पोट धरून बसायची. दसरा झाला की टोळी ऊसतोडीला निघणार. त्याआधी तिची गर्भाची पिशवी काढून टाकली की फडात खाडा नको नि कटकट नको. डॉक्टर ठरला, तारीखही ठरली. पण सून अडून बसली होती, करिष्माताई हो म्हणल्या तरच.

"तिला हो म्हण की, कावून अडवती?" मंजुळाबाई म्हणाल्या. "मी न्हाई का काढली सव्विसाव्या वर्षी? डॉक्टर म्हणला, पिशवी सडली, ठिवली तर क्यान्सर हुईल. देवमाणूस. त्यानं वाचवलं मला."

हे देवमाणसाचं पुराण करिष्मा लहानपणापासून ऐकत आलेली. तिशीतच आईची कंबर गेली, चाळिशीत हाडं म्हातारीची झाली, तरी त्या डॉक्टरला कुणी नावं ठेवलेली आईला खपायची नाहीत. करिष्माही तेच खरं मानून चाललेली, अगदी गेल्या सोमवारपर्यंत.

सोमवारी करिष्माच्या वर्गाला व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा लावून ऑपरेशन शिकवलं. चष्मा चढवला की समोर टेबल, टेबलावर बाई, आपल्या हातात सुरी. सगळं खोटं, पण खरंच वाटणारं. आणि ते मशीन लगेच सुरी चालवू देत नाही, आधी विचारतं, पिशवी का काढायची? करिष्माला काय सुचलं कोण जाणे. आईच्या हाडांसाठी जुनी फाईल तिनं मोबाइलात ठेवलेली. त्यातला पिशवीच्या ऑपरेशनचा कागद कधी नीट वाचलाच नव्हता. तोच बघून तिनं भरलं. वय सव्वीस, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, सोनोग्राफीत पिशवी निरोगी. मशीननं हातातली सुरीच काढून घेतली. ऑपरेशनची गरज नाही, औषधं द्या. तिनं पुन्हा भरलं, पुन्हा तेच. मेलं मशीन ऐकायलाच तयार नाही.

सांगावं तर आईचा देव जातो, न सांगावं तर बबिताची पिशवी. चार दिवस तिनं तोच कागद काढून काढून वाचला होता.

शेवटी तिनं सरांना विचारलं, आईला लॅबमध्ये नेलं आणि पदरावरूनच चष्मा बसवला. निरोगी पिशवीचं मॉडेल उघडलं.

"अगं बाई, केवढीशी ही. पेरूएवढी," मंजुळाबाई म्हणाल्या. हात आपोआप पुढं गेला आणि हवेतच थांबला. "सडलेली कशी दिसती गं?"

"ती अशी सडत न्हाई, माय. तुझीबी अशीच चांगली व्हती. कागदावर लिहिलंय. गोळ्यांनी बरी झाली असतीस."

मंजुळाबाईंच्या चष्म्याखालून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"बबिताला गोळ्याच दे," त्या म्हणाल्या.

करिष्मा चष्मा काढायला गेली, तर त्यांनी तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे जरा. ऑपरेशन झाल्यावर तुझ्या बापाला ट्रेमधी दावली व्हती. मला कुणी दावलीच न्हाई."