अम्मींच्या वेळेवरचा फोन

मी फोन बोलतोय. कुठून, ते मात्र विचारू नका. सगळा घोळ तिथंच आहे.

दुकानातल्या काचेच्या कपाटातून मी थेट गेलो फरशी बसवणाऱ्या एका माणसाच्या खिशात. हा घर सोडून समुद्रापलीकडे कामाला आलेला. त्यानं माझ्यात अजानचं अ‍ॅप घातलं, आणि गाव विचारल्यावर चक्क मागे राहिलेलं आपलं गाव टाकलं. झालं! मी इथं आणि माझी वेळ तिथली. तिकडं सूर्य जरा आधी मावळतो, त्यामुळे खोलीतल्या इतर फोनांच्या आधीच मी गळा काढायचो. ते बिचारे माझ्याकडं बघत राहायचे आणि मी ओशाळायचो.

बरं, मालक स्वतः नमाज पढायचा तो इथल्या वेळेवर, इतरांबरोबर. मग माझी अजान कुणासाठी? माझं तर डोकंच चालेना.

मी ओरडलो की तो हातातली फरशी खाली ठेवायचा, सिमेंटची बोटं विजारीला पुसायचा आणि व्हिडिओ कॉल लावायचा. समोर त्याची म्हातारी अम्मी. हा नुसता हात वर करायचा, ती मान हलवायची, की फोन बंद! बोलणं नाही, चालणं नाही. हा कसला फोन म्हणायचा?

हळूहळू उलगडलं. अम्मींना ऐकू येणं बंद झालं होतं. मशीद घराच्या मागच्या भिंतीला लागून, पण तिथली अजान काही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. इकडून फोन गेला, तिकडचा पडदा उजळला, की त्यांना कळायचं, वेळ झाली. शेजारच्या मशिदीची खबर समुद्रापलीकडून! तुम्हीच सांगा, गोंधळून जाऊ नको तर काय करू?

हे त्यानं खोलीत कुणालाच सांगितलं नव्हतं. लाजायचा. सगळ्यांना वाटे, याला घराची फार आठवण येते.

मग रोजे सुरू झाले. पहिल्याच संध्याकाळी मला चार्जिंगला लावून हा अंघोळीला गेला. खोलीची खिडकी उघडते शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर, त्यामुळे दिवस काय नि रात्र काय, ट्यूबलाइट चालूच. सगळे रोजा सोडायला खजूर पुढ्यात घेऊन बसलेले. मी आपला नेहमीप्रमाणे ओरडलो. भुकेल्या पोटी, अजान कोणत्या फोनची हे कुणी पाहिलंच नाही. सगळ्यांनी बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात टाकले.

मालक ओल्या डोक्यानं धावत बाहेर आला. "अरे, काय करताय? आपली अजान व्हायचीय अजून!"

सगळ्यांचे घास तोंडातच राहिले. ड्रायव्हर, खोलीतला सगळ्यात तापट माणूस, जाम भडकला. "अख्ख्या खोलीचा रोजा बुडवलास! या फोनचं गाव आधी बदल."

माझा मालक मला उचलून जिन्यात गेला आणि अम्मींना फोन लावला.

तो झोपल्यावर ड्रायव्हरनंच माझं गाव बदलून टाकलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. उद्या परत कुणाचा रोजा बुडू नये, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी अगदी इथल्या वेळेवर ओरडलो. सगळ्या फोनांबरोबर एका सुरात! छाती फुगली माझी. मालक कामावर होता, त्यानं लगेच फोन लावला.

अम्मींचे ओठ सुकून गेले होते. हातात खजूर तसाच.

मागून वहिनी कळवळून म्हणाली, "भाऊजी, होतात कुठे? अजान होऊन किती वेळ झाला! आम्ही खुणा करकरून थकलो. ऐकतच नाहीत. म्हणतात, माझ्या मुलाचा फोन नाही, म्हणजे अजान नाही. तुम्हाला लावावं म्हटलं, तर फोन हातातून सोडतील तर शपथ!"

त्यानं हात वर केला. अम्मींनी खजूर तोंडात घातला. हा तिथंच अर्ध्या बसवलेल्या फरश्यांवर बसून रडला. आणि मी? मी तर पहिल्यांदाच बरोबर वेळेवर ओरडलो होतो हो!

खोलीवर आल्यावर त्यानं सगळं सांगून टाकलं. ड्रायव्हर कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे बाबा, आधी तोंड उघडायला काय झालं होतं?" आणि त्यानंच माझं गाव परत पहिल्यासारखं केलं. "खोलीनं माझा फोन ऐकायचा. हा अम्मींचा."

यंदाच्या रोज्यांत रजा मिळाली. मी आणि मालक घरी आलो. आता गावही तेच आणि वेळही तीच, वाटलं, सुटलो एकदाचे!

काल संध्याकाळी मागच्या मशिदीतून अजान झाली. मीही ओरडलो. अम्मींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या मालकानं त्यांचा खांदा हलवला, हात वर केला. अम्मींनी त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "थांब रे. तुझा फोन यायचाय अजून."

त्यानं मला काढलं आणि तिथल्या तिथं कॉल लावला. वीतभर अंतरावर त्यांचा फोन उजळला. पडद्यावरच्या मुलाकडं पाहून अम्मी हसल्या, मान हलवली, आणि मग खजूर खाल्ला.

रजा संपली की आम्ही परत जाऊ. त्यांचा मुलगा इथला खरा की तिथला, मला अजून कळलेलं नाही. तुमच्याजवळ कुणाचा फोन असा भलत्याच वेळी ओरडला, तर एवढं करा. तो सुधारायला धावू नका. पलीकडं कोण उपाशी बसलंय, ते आधी विचारा.